धावफलकावरचे मूल

'आमच्या मुलाला खेळाचे वेड लागले आहे,' ही तक्रार हल्ली प्रत्येक धर्मग्रामात ऐकू येते. तक्रारीचा सूर मात्र कौतुकाचा असतो, म्हणून तिच्यावर विश्वास बसत नाही. मूल खेळवेडे असायचेच. वेड लागले आहे ते आपल्याला, आईवडिलांना.

वरळीचेच पाहा. येथे बी.डी.डी.च्या १२१ चाळी उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत अख्खे कुटुंब राहावयाचे. साहजिकच मूल जांबोरी मैदानावर वाढे. दिवेलागणीला घामाघूम होऊन परते, हातपाय धुई आणि घरच्यांबरोबर प्रार्थनेला, जेवणाला बसे. खेळ मैदानात होता, घर घरात होते. ऑगस्ट २०२५ मध्ये या चाळींतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. जागा वाढली, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु आज शहरभर कितीतरी घरांत खेळच यजमान होऊन बसला आहे. जेवणाची वेळ प्रशिक्षक ठरवतो, सुटी स्पर्धेचे वेळापत्रक ठरवते आणि रविवारची मिस्सा नाणेफेकीवर अवलंबून असते. धाकटी बहीण मैदानाच्या कडेला दादाची पाण्याची बाटली सांभाळीत गृहपाठ करते. तिला काय व्हायचे आहे, हे विचारायला कोणाला सवड नाही.

यावर हमखास प्रश्न येतो : 'असे म्हटले असते तर सचिन घडला असता का?' फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली, हे आपणांस तोंडपाठ आहे. त्या धावा अडवण्यासाठी सेंट झेवियर्सची अकरा मुले उन्हात धावत होती. त्यांची नावे कोणाला आठवतात? संध्याकाळी तीही कोणाच्यातरी घरीच परतली. आपले मूल त्या दोघांतले, असे गृहीत धरून आपण संसार मांडतो. गणित मात्र अकरांच्या बाजूचे आहे.

बरे, विक्रम केला म्हणून तरी काय? जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे या रिक्षाचालकाच्या १५ वर्षांच्या मुलाने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. मुंबई क्रिकेट असोसिएशनने दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढच्याच वर्षी, मुलाच्या धावा होईनाशा झाल्या तेव्हा, ती थांबवावी असे वडिलांनीच कळवले. त्या पित्यापुढे मान लवते. ओझे चढवणारे आपण सारे होतो. उतरवण्याचे धैर्य त्यांनी दाखवले.

ख्रिस्तसभा खेळाची वैरीण नाही. संत पौलाने करिंथकरांना शर्यतीचाच दाखला दिला. पोप जॉन पॉल दुसरे लहानपणी फुटबॉलमध्ये गोलरक्षक होते. २९ ऑक्टोबर २००० रोजी, रविवारी, रोमच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये त्यांनी खेळाडूंसाठी मिस्सा अर्पण केली आणि नंतर फुटबॉलचा सामना पाहिला. क्रम ध्यानात घ्यावा : आधी वेदी, मग चेंडू. आपण तो उलटा केला आणि वर त्याला मुलाचे भवितव्य असे नाव दिले.

पालकहो, मुलाला मैदानावरून ओढून आणा, असे माझे म्हणणे नाही. त्याला धावफलकावरून खाली उतरवा, एवढेच म्हणणे आहे. रविवारची मिस्सा आणि आठवड्यातले एक सर्वांचे जेवण यांना धक्का लागणार नाही, हे प्रशिक्षकाला स्पष्ट सांगा. धाकटीच्या फीचे पैसे बॅटकडे वळवू नका. आणि हरून घरी आलेल्या मुलाला 'किती रन काढलेस?' असे विचारण्याआधी 'भूक लागली असेल ना?' असे विचारा. धावांवर बेतलेली माया मुलाला लगेच ओळखू येते आणि ती त्याला आतून पोखरते.

बहुतेकांचा खेळ एके दिवशी सुटतो. त्या दिवशी परतायला मुलाजवळ घर असले पाहिजे. ते आजच बांधावे लागते.