कोड, कुळ आणि जनुके

अंगावर पांढरा डाग उठलेले मूल घेऊन पालक बालरोगतज्ज्ञाकडे येतात, तेव्हा त्यांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात : हे लागते का, आणि बरे होते का? तिसरा प्रश्न मात्र मुलाला बाहेर पाठवून, आवाज खाली आणून विचारला जातो : "डॉक्टरसाहेब, हे घराण्यात उतरते का?" रुग्ण मुलगी असेल, तर हा प्रश्न हमखास येतो. त्यावर आपण वैद्यक व्यावसायिक बहुधा एका वाक्यात उत्तर देतो, "थोडेफार आनुवंशिक असते." शास्त्रदृष्ट्या हे खोटे नाही, परंतु ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ 'कुळाला डाग' असा होतो. प्रत्यक्ष रोगापेक्षा या अर्धवट उत्तराने अधिक हानी होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या भागात शब्दांमुळेही घोटाळा होतो. इच्छापोर-हजिरा पट्ट्यात मराठी, गुजराती व हिंदी भाषक कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात. मराठीत 'कोड' म्हणजे त्वचेचा रंग जाणे, कुष्ठरोग वेगळा. हिंदीत 'कोढ' म्हणजे कुष्ठरोगच, आणि गुजरातीत 'सफेद कोढ' हा शब्दप्रयोग रूढ आहे. ही सारी 'कुष्ठ' शब्दाचीच अपत्ये! एका घरी उच्चारलेला शब्द शेजारच्या घरी भलत्याच अर्थाने पोहोचतो. म्हणून निदान करताना डागावरील संवेदना पालकांदेखत तपासावी आणि निःसंदिग्ध सांगावे की, येथे जंतू नाही, बधिरता नाही, संसर्ग नाही. लहान मुलांच्या गालांवरील पुष्कळसे फिकट डाग तर कोडही नसतात, याचाही विसर पडू नये.

आता आनुवंशिकतेकडे वळू. कोड हा एका सदोष जनुकामुळे पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा विकार नाही. युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासांतून २०१६ पर्यंत त्याच्याशी संबंधित सुमारे ५० जनुकस्थाने निश्चित झाली. त्यांतील प्रत्येकाचा वाटा अल्प असतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या कौटुंबिक अभ्यासात रुग्णांच्या सख्ख्या भावंडांपैकी सुमारे ६ टक्क्यांना कोड आढळले. म्हणजेच ९४ टक्के भावंडे निर्वेध होती. सर्व जनुके समान असणाऱ्या एकबीज जुळ्यांतही, एकाला कोड असताना दुसऱ्याला ते असण्याचे प्रमाण केवळ २३ टक्के निघाले. जनुकेच सर्वस्व असती, तर हा आकडा शंभराच्या जवळ गेला असता.

गुजरातपुरते बोलायचे, तर येथे कोडाचे प्रमाण अधिक असल्याचे वैद्यकीय लेखनात वारंवार म्हटले जाते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रा. रशीदुन्निसा बेगम व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजराती रुग्णांवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. त्यांच्या गटाच्या २००६ सालच्या पाहणीत सुमारे २२ टक्के रुग्णांच्या नात्यात कोड होते. याचा अर्थ असा की, पाचांपैकी जवळजवळ चार रुग्णांच्या घराण्यात तो आढळला नव्हता. याच गटाने पुढे टीएनएफ-अल्फा, आयएल-४, सीटीएलए-४, एनएलआरपी-१ अशा जनुकांतील फरक अभ्यासले. ही जनुके त्वचेच्या रंगाची नव्हेत, रोगप्रतिकारशक्तीची आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

कारण कोडात रंगपेशी मुळात दुबळ्या म्हणून मरतात असे नव्हे, त्या मारल्या जातात. ताणाखाली आलेल्या रंगपेशींना शरीराच्या सीडी-८ लसिकापेशी परक्या समजतात. त्यांनी सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमामुळे आसपासच्या त्वचापेशी सीएक्ससीएल-९ व १० ही रसायने स्रवतात आणि ती आणखी लसिकापेशींना तेथे बोलावून घेतात. काही पेशी 'स्मृतिपेशी' म्हणून त्वचेतच ठाण मांडतात. उपचार थांबताच डाग पुन्हा त्याच जागी उमटतो तो यामुळे. गंमत अशी की, टायरोसिनेज जनुकातील जो फरक कोडाची शक्यता वाढवतो, तोच मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगापासून काहीसे संरक्षण देतो. अतिदक्ष पहारेकऱ्याने घरच्याच माणसाला चोर समजून झोडपावे, तसा हा प्रकार आहे. यात कुळाचा कमीपणा तो कोणता?

या ज्ञानाचा व्यावहारिक अर्थ एवढाच की, वेळ दवडू नये. केसांच्या मुळाशी रंगपेशींचा राखीव साठा असतो आणि तेथूनच रंग ठिपक्याठिपक्यांनी परततो. डागावरील केस पांढरे झाले म्हणजे तो साठा आटत चालला. टॅक्रोलिमस मलम, सौम्य स्टिरॉइड, ३११ नॅनोमीटरची अरुंद पट्ट्याची अतिनील किरणे ही साधने त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली बालकांतही वापरता येतात. इंटरफेरॉनचा संदेश रोखणाऱ्या रुक्सोलिटिनिब मलमाला जुलै २०२२ मध्ये अमेरिकेत १२ वर्षांवरील रुग्णांसाठी मान्यता मिळाली. हमखास गुण कशातही नाही, हेही सांगितले पाहिजे.

प्रत्यक्षात मात्र मुलाचे दूध, दही, मासे, लिंबू बंद केले जाते. वाढत्या वयातील या उपासमारीला कोणताही शास्त्रीय आधार नाही. बावचीचे तेल लावून उन्हात बसवल्याने अंगावर फोड येतात ते वेगळेच. कोड बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे, तरीही त्या भिंतींवर झळकत असतात.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी 'श्वेता' संस्थेच्या माध्यमातून कोड असलेल्यांना एकत्र आणले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा चित्रपट २००६ साली आला. त्यातही कोड असलेली डॉक्टर तरुणी आणि तिच्या विवाहाचा प्रश्न आहे. पुढचे काम आपल्या समाजाचे आहे. आपल्याकडे स्थळ पाहताना मधुमेहाची चौकशी अपवादानेच होते, जरी मधुमेहाचा वारसा कोडाहून कितीतरी प्रबळ आहे. हाताच्या बोटावरील एका पांढऱ्या ठिपक्याने मात्र जुळत आलेली सोयरीक मोडते, आणि धाकट्या बहिणीचेही स्थळ परत जाते.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना व भगिनींना नम्र विनंती आहे. 'आनुवंशिक' या शब्दावर थांबू नका, आकडा सांगा. ९४ टक्के भावंडे निर्वेध असतात, हे वाक्य मुलाच्या आईसमोर, आजीसमोर आणि शक्य तर भावी व्याह्यांसमोरही उच्चारा. आणि ते सांगताना मुलाला बाहेर पाठवू नका. आपल्या अंगावरील डागाविषयी खरे काय ते ऐकण्याचा पहिला अधिकार त्याचाच आहे.