लष्कराच्या भाकऱ्या

परमुलखातल्या लोकांसाठी कोणी रस्त्यावर उतरला की आपल्याकडची शहाणी माणसे चटकन म्हणतात, "घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला सांगितल्यात कोणी?" पॅलेस्टिनींच्या हक्कांसाठी देशोदेशी झटणाऱ्यांनाही हेच ऐकावे लागते. या शहाणपणाशी माझे भांडण आहे.

२०२१ च्या मे महिन्यात इटलीतल्या लिव्होर्नो बंदरावरच्या कामगारांनी इस्रायलकडे निघालेली शस्त्रे जहाजावर चढवायला नकार दिला. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या भारतातल्या गोदी कामगारांच्या महासंघानेही असलाच निश्चय जाहीर केला. ही हातावर पोट असलेली माणसे. त्यांना काय घरची काळजी नसेल?

कोणी म्हणेल, हा ज्यूंचा द्वेष आहे. तसा द्वेष जिथे शिरला असेल तिथून त्याला हाकललाच पाहिजे. ७ ऑक्टोबर २०२३ च्या कत्तलीचे समर्थनही कोणी करू नये. पण गाझात पोरेबाळे मरत असताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात ठिय्या देऊन "युद्ध थांबवा" म्हणणारे शेकडो लोक ज्यूच होते, हे कसे विसरायचे?

"अशाने लढाई थांबते काय?" हा हुकमी सवाल. नाही थांबत, लगेच तर नाहीच. १९८४ साली डब्लिनच्या एका दुकानात मेरी मॅनिंग या एकवीस वर्षांच्या मुलीने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतून आलेली ग्रेपफ्रूट, म्हणजे आपल्या पपनसाची भावंडे, विकायचे नाकारले. तिला कामावरून दूर केले. मूठभर सोबत्यांनी जवळजवळ तीन वर्षे संप चालवला. लोक हसले. पण १९८७ मध्ये आयर्लंडच्या सरकारने त्या देशाच्या शेतमालाला दार बंद केले! पुढे वर्णद्वेषाची ती राजवटही गेली.

आणि २००९ च्या फेब्रुवारीत, गाझावर तीन आठवडे बॉम्ब पडून गेल्यावर, इस्रायलहून आलेल्या जहाजाचा माल उतरवणार नाही, असे ठणकावून सांगणारे कामगार कुठले होते? त्याच दक्षिण आफ्रिकेतल्या डरबन बंदराचे! ज्यांच्यासाठी एके काळी परक्यांनी भाकऱ्या भाजल्या, तेच आता दुसऱ्यांसाठी चुलीपाशी बसले होते.

तेव्हा शहाण्यांनो, भाकऱ्या भाजायला बसत नसाल तर निदान भाजणाऱ्याच्या चुलीत पाणी तरी ओतू नका.