मधल्या वर्षांचा हिशेब

घरातली सगळ्यांत वडीलधारी बाई नव्वदीच्या घरात पोहोचून वारली की आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत रीत एकच असते. गंगापूजन आणि तेरवीची पत्रिका छापून येते, चौकात फोटोसह फलक लागतो, ऐपत असेल तर वर्तमानपत्रात चौकट येते. खाली शोकाकुलांची नावे: मुले, सुना, मुली, जावई, नातवंडे, पणतवंडे. वर तिचे नाव, त्याला जोडून नवऱ्याचे नाव आणि एक ठरलेले वाक्य. कष्टाळू, मायाळू, कुटुंबासाठी झिजलेली. यातला एकही शब्द बहुधा खोटा नसतो. तरीही पत्रिका वाचून ती बाई कोण होती हे कळत नाही आणि दहा घरांच्या दहा पत्रिकांतली नावे आपसात बदलली तरी मजकूर कुठे अडणार नाही. लोक याचा दोष घाईला किंवा छापखान्यातल्या तयार मजकुराला देतात. मला कारण वेगळे वाटते. लांबलेल्या आयुष्याची आठवण ठेवताना आपण त्यातला एक ठरावीक भाग गाळतो आणि नेमका तोच भाग तिच्या स्वतःच्या मर्जीचा असतो.

हे घडते कसे ते पाहू. बाई पंचाऐंशी-नव्वद वर्षे जगते तेव्हा तिला तरुणपणी पाहिलेले बहुतेक लोक तिच्याआधी गेलेले असतात. सासू, जावा, नवरा, पाठची बहीण, शेजारीण, कुणीच उरलेले नसते. उरतात नातवंडे. त्यांनी पाहिलेली आजी थकलेली, देवापुढे बसणारी, खाऊचा डबा राखून ठेवणारी असते. म्हणजे घराची आठवण शेवटच्या पंधरा-वीस वर्षांची. कागदाची आठवण दुसऱ्या टोकाला असते. ती लग्नापासून सुरू होते आणि नवरा गेला की संपते, कारण सातबारा, दुकानाचा परवाना, संस्थेची घटना यांवर नाव त्याचे असते आणि त्याच्यामागे थेट मुलाचे लागते. या दोन्ही आठवणी जोडल्या तरी साधारण पंचेचाळीस ते सत्तर ही वर्षे कुठे सापडत नाहीत. आणि खरे कर्तेपण तर याच वर्षांतले. सासूचा धाक संपलेला असतो, मुले हाताशी आलेली असतात, नवरा थकलेला किंवा गेलेला असतो. कोणते शेत काही झाले तरी विकायचे नाही, धाकटीला शिकायला नागपूरला ठेवायचे की नाही, भावाभावांची वाटणी कधी आणि कशी करायची, हे ती ठरवते. पुढच्या दोन पिढ्या त्या निर्णयांवर उभ्या राहतात, पण ते कुणी घेतले हे त्यांना ठाऊक नसते.

वर्ध्यात या गळतीचे ठळक उदाहरण आहे आणि तेही कागदपत्रांची वाण नसलेल्या घराचे. जानकीदेवी बजाज यांचा जन्म 7 जानेवारी 1893 चा, मध्य प्रदेशातल्या जावऱ्याचा. लग्न करून त्या 1902 मध्ये वर्ध्याला आल्या तेव्हा दहा वर्षांच्याही नव्हत्या. त्यांचे पती जमनालाल बजाज 11 फेब्रुवारी 1942 रोजी गेले. जानकीदेवी गेल्या त्या 21 मे 1979 रोजी, 86 वर्षांच्या होऊन. वर्ध्यातली नवऱ्यासोबतची वर्षे 40 आणि त्यांच्यामागची 37. दोन्ही भाग जवळपास सारखे. पण त्यांचा परिचय लिहिला जातो तेव्हा जवळजवळ सगळा मजकूर पहिल्या भागाचा असतो. 1919 मध्ये पडदा सोडला, अंगावरचे सोने उतरवले ते कायमचे, घरातले विदेशी कापड होळीत टाकून खादी धरली, 1928 मध्ये बजाजांचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुले झाले तेव्हा त्या पाठीशी राहिल्या, कायदेभंगात तुरुंगात गेल्या. यातली प्रत्येक गोष्ट मोठी आहे. पण हे सगळे 1942 च्या आधीचे आहे आणि सांगितले जाते तेही जमनालालजींच्या चरित्रातले एक प्रकरण म्हणून. मागच्या 37 वर्षांची बोळवण गोसेवा, भूदान, पद्मविभूषण अशा तीन शब्दांत होते.

त्या तीन शब्दांत काय आहे ते जरा उलगडावे लागेल. 1942 मध्ये जानकीदेवी 49 वर्षांच्या होत्या. जमनालालजींनी अखेरच्या काळात वर्ध्याजवळ गोपुरीत राहून गोसेवेचे काम हाती घेतले होते. ते गेल्यावर गोसेवा संघाची धुरा जानकीदेवींनी उचलली आणि त्याचे अध्यक्षपद अनेक वर्षे सांभाळले. त्याच वर्षी 14 जुलैला काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात ‘चले जाव’चा ठराव केला. यजमान जमनालालजी जाऊन पाच महिने झाले होते, पाहुण्यांचे वर्धा मात्र थांबले नव्हते. पुढे 18 एप्रिल 1951 ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदान सुरू झाले आणि विनोबा भाव्यांच्या या कामात जानकीदेवी कूपदानासाठी फिरू लागल्या. कूपदान म्हणजे विहिरीचे दान. भूमिहीनाला एकर-दोन एकर जमीन मिळाली तरी ती बहुधा कोरडवाहूच असायची. आपल्याकडच्या शेतात विहीर खणायची तर वरची काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. तिथे सुरुंग लावावा लागतो, मग बांधकाम, मग मोट आणि मोटेला बैलजोडी. कालपर्यंत मजुरी करणाऱ्याने एवढा पैसा आणायचा कुठून? शिवाय ज्याच्याकडे देण्याजोगी जमीन नाही, त्या शहरातल्या दात्यालाही विहिरीसाठी पैसे देता येत होते. गोसेवा आणि कूपदान या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात, पण त्या काळच्या शेतीत बैल, मोट आणि पाणी ही एकच साखळी होती. पन्नाशी-साठीतली एक बाई ही दोन्ही कामे अंगावर घेते, यामागे जमिनीचा आणि पाण्याचा पक्का व्यवहार दिसतो. त्याला केवळ भक्तिभाव म्हणून चालणार नाही. 1956 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले तेव्हा त्यांच्या वैधव्याला 14 वर्षे झाली होती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. हे सगळे नवऱ्याने, गांधीजींनी किंवा विनोबांनी सुचवले, यात त्यांचे स्वतःचे काय? सूचना दुसऱ्यांच्या होत्या हे खरे आहे आणि ते लपवायचे कारण नाही. पण जमनालालजींनीही गांधीजींचेच ऐकले. त्यांनी गांधीजींचे पाचवे पुत्र होणे मागून घेतले, रायबहादूर ही पदवी सोडली, आपली बाग ग्रामोद्योगाच्या कामासाठी दिली. त्यामुळे त्यांचे कर्तृत्व उसने आहे असे कुणी म्हणत नाही, उलट त्यांची निष्ठा म्हणून ते गौरवले जाते. नवऱ्याने ऐकले तर निष्ठा आणि बायकोने ऐकले तर आज्ञाधारकपणा, अशी दोन मापे ठेवून हिशेब होत नाही. शिवाय सूचना करणारा वेगळा आणि ती निभावणारा वेगळा. पडदा सोडायला सांगणे एका वाक्याचे काम. पण 1919 च्या मारवाडी समाजात चेहरा उघडा ठेवून नात्यातल्या वडीलधाऱ्यांसमोर रोज वावरणे हे त्या वाक्यानंतरचे वर्षानुवर्षांचे काम होते आणि ते एकट्या बाईचेच होते.

दुसरा आक्षेप पैशाचा. बजाजांच्या घरात सोने उतरवले तरी चूल पेटतच होती, सामान्य घरातल्या आजीला ही चैन कुठली? हा आक्षेप अर्धा मान्य करायला हवा. पैशाने मोकळीक मिळते आणि नोंदही उरते. जानकीदेवींच्या तारखा आज सांगता येतात याचे एक कारण त्यांचे घराणे आहे. पण निर्णय घेण्याची ताकद पैशातून येते असे यावरून ठरत नाही. याच जिल्ह्यातल्या पिंपरी मेघे इथे 1948 मध्ये जन्मलेल्या सिंधुताई सपकाळ गुरे राखणाऱ्याच्या घरातल्या. 4 जानेवारी 2022 ला त्या गेल्या तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने त्यांना अनाथांची माय म्हणून निरोप दिला. ते योग्यच होते. पण त्यांनीच सांगितलेल्या हकिगतीनुसार त्यांचा पहिला झगडा अनाथांसाठी नव्हता. गावच्या बायकांनी राबून गोळा केलेल्या शेणाच्या मोबदल्यासाठी तो होता. हातात काही नसलेली विशीतली बाई व्यवहाराच्या प्रश्नावर उभी राहिली, ही बाजू मायेच्या पदराखाली झाकली गेली. म्हणजे श्रीमंत घर असो की गरीब, गाळले जाते ते एकच. बाईचे प्रेम लक्षात राहते, तिचा निर्णय राहत नाही.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या बायकांनी स्वतःच आपले आयुष्य नवऱ्याभोवती सांगितले असेल, तर ते बदलणारे आपण कोण? रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक 1910 चे. ते त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांच्या सहवासाचे आहे. न्यायमूर्ती 1901 मध्ये गेले, रमाबाई 1924 पर्यंत जगल्या. पुण्याच्या सेवासदनाची उभारणी 1909 ची, म्हणजे पुस्तक निघाले त्याच्या आदल्या वर्षीची. एवढी संस्था उभी करणाऱ्या बाईने पुस्तकात मात्र नवऱ्याला पुढे केले. हा त्यांचा विनय होता, त्या काळाची रीत होती आणि खरे प्रेमही होते. त्याचा मान ठेवायलाच हवा. पण सांगणाऱ्याचा विनय ऐकणाऱ्याने पुरावा म्हणून धरायचा नसतो. रमाबाई मागे उभ्या राहिल्या म्हणून सेवासदन आपोआप उभे राहिले असे होत नाही. स्वतःला मागे ठेवणे हा त्यांचा हक्क, आणि त्यांना जागेवर आणून बसवणे हे मागून येणाऱ्यांचे काम.

शेवटचा आक्षेप घरचा आहे आणि तोच सर्वांत मनापासूनचा असतो. आम्हाला आजी आवडायची, तेवढे पुरे, तिच्या कामाचा अहवाल कशाला? दुःखाच्या दिवसांत असे वाटणे साहजिक आहे. पण ज्या माणसाची मधली वीस-पंचवीस वर्षे आपल्याला ठाऊक नाहीत, त्याच्यावरचे आपले प्रेम त्याच्या म्हातारपणावरच असते. याचा परिणाम पुढच्या मुलींवरही होतो. आजीची आठवण फक्त झिजण्याची राहिली तर नातीपुढे नमुना झिजण्याचाच राहतो. आजीने कोणता व्यवहार रोखला, कुणाचे शिक्षण थांबू दिले नाही, कुणाविरुद्ध उभी राहिली हे नातीला माहीत असेल, तर तिला घरातच आधार मिळतो. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने सरकारी कागदपत्रांवर आईचे नाव सक्तीचे केले. कागद त्यामुळे थोडा सुधारेल. पण नाव लागले म्हणजे काम नोंदले गेले असे नाही. ती नोंद घरालाच करावी लागेल.

आणि ती तेरवीच्या पत्रिकेत करायला गेले तर फार उशीर झालेला असतो. जानकीदेवींचे ‘मेरी जीवन-यात्रा’ हे आत्मकथन त्यांच्या हयातीतच निघाले. त्यांनी सांगितले आणि दुसऱ्याने ते लिहून घेतले, म्हणून ते पुस्तक आहे. आपल्याकडे ऐंशीच्या पुढे सहस्रचंद्रदर्शन होते. दिव्यांनी ओवाळणे होते, तुला होते, मुले-जावई भाषणे करतात आणि जिचा सोहळा ती शाल पांघरून ऐकत बसते. त्या दिवशी भाषणे दोन कमी करावीत. तिच्याशेजारी बसून नातवंडांपैकी कुणीतरी वही उघडावी, लग्नाच्या आणि सणांच्या गोष्टी बाजूला ठेवाव्यात आणि विचारावे: आजोबा गेल्यावर, किंवा त्यांनी हात टेकल्यावर, या घरात पहिला मोठा निर्णय तू कोणता घेतलास, आणि त्याला कोण आडवे आले? ती बहुधा म्हणेल, मी कसले काय ठरवते. तरी वही मिटू नये. दुसऱ्यांदा विचारावे, शेताचे नाव घेऊन, सालाचे नाव घेऊन.