आतडे काढले असेल, तर पित्ताशय सांभाळा
आतड्याच्या क्षयात किंवा पीळ पडल्यावर कधीकधी लहान आतड्याचा शेवटचा भाग कापावा लागतो. पित्तातील क्षार शोषून यकृताकडे परत पाठवण्याचे काम मुख्यतः हाच भाग करतो. सुमारे ९५ टक्के क्षार असे पुन्हा वापरात येतात. हा भाग बराच गेला, की क्षार शौचावाटे जातात, पित्ताचा तोल बिघडतो आणि खडे होण्याचा धोका वाढतो. सगळ्यांनाच होतात असे नाही.

पाथर्डी-शेवगावहून ऊसतोडीला जाणाऱ्यांना आम्ही मुद्दाम सांगतो : ऑपरेशनचा कागद कोपीवरही जवळ ठेवा. उजव्या बरगडीखाली कळ आली, तर 'गॅस झाला' म्हणून सोड्यावर भागवू नका. डॉक्टरांना कागद दाखवून सोनोग्राफीचे विचारा. सोबत ताप किंवा कावीळ असेल, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. उचल फिटेल, जीव परत येणार नाही.