पावसाचा डांगोरा आणि हिवाळ्याची वही

लोणावळ्यात पाऊस चढू लागला की वर्तमानपत्रांना भरते येते. काल किती, आज किती, गेल्या साली किती! वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या घरातला हा पाऊस आम्हां कुसगावकरांचाही अभिमान. दसरा झाला की मात्र पर्जन्यमापक कोपऱ्यात आणि पाणी विस्मृतीत! या डांगोऱ्याशी माझे भांडण आहे. पडलेले पाणी म्हणजे लाभलेले पाणी नव्हे.

शास्त्र मला मॅट्रिकपुरतेच कळते. पण इथे तेवढे पुरते. आमचे डोंगर काळ्या पाषाणाचे, उभ्या उताराचे. ते पाणी धरीत नाहीत, सोडून देतात. कुरवंड्याला उगवणारी इंद्रायणी ते पूर्वेला नेते. तलावांत अडवलेले पाणी १९१५ पासून खोपोलीला उतरून वीज देते. चैत्रात माझ्या वर्गातली एखादी मुलगी उशिरा येते, कारण हंडा भरायचा असतो. तिला मी पावसाचे कोणते आकडे शिकवू?

अमेरिकेत नेवाडात जेम्स चर्च नावाचे लॅटिनचे प्राध्यापक होते. १९०६च्या सुमारास ते हिवाळ्यात माउंट रोझवरचे बर्फ मोजू लागले. बर्फात पोकळ नळी खुपसायची, आतल्या बर्फाचे वजन करायचे आणि उन्हाळ्यात पाणी किती मिळेल ते ताडायचे! कोलोरॅडोत तर आता बर्फावरच्या धुळीचीही नोंद ठेवतात. धुळीने काळवंडलेले बर्फ ऊन शोषते आणि कित्येक आठवडे आधी वितळते.

‘आपल्याकडे बर्फ कुठे?’ असे कोणी म्हणेल. अहो, विहिरीतले पाणी हेच आपले बर्फ! आणि धूळ? रस्त्याकडेच्या वालाचे पान चोळून पाहा. तिथे बर्फावरची धूळ ऊन ओढते, इथे पानावरची धूळ ऊन अडवते. नुकसान दोन्हीकडे.

‘सरकार मोजतेच की!’ मोजते. भूजल यंत्रणा निवडक विहिरी वर्षातून चार वेळा पाहते. पण तुमच्या आळीतली विहीर तुम्ही नाही पाहायची, तर कोणी?

तेव्हा वाचकहो, फराळ झाला की एवढे करा. दोराला हात-हात अंतरावर गाठी मारा, टोकाला दगड बांधा. भाऊबीजेपासून दर रविवारी मुलांकडून पाणी किती खोल गेले ते मोजून घ्या. पानांवर धूळ किती, तेही लिहा. माघात वही उघडली की चैत्र आधीच दिसेल, आणि उपसा आवरायला, ओढ्याला बांध घालायला कोणाच्या भाषणाची वाट पाहावी लागणार नाही.

पाऊस देवाचा असेल. हिशेब मात्र आपलाच आहे.