तिथीची पाऊणपट

शनिवारी रात्री जेवणं आटोपून ओटा पुसून होतो आणि आमच्या घरात तो प्रश्न येतोच. उद्या मुलांना कुठं न्यायचं? नातू सात वर्षांचा, नात चार वर्षांची. मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून पर्याय वाचून दाखवतो, सून अंतर आणि गर्दीचा अंदाज सांगते, आणि दहा-पंधरा मिनिटांत गाडी मॉलमधल्या त्या खेळघरावर येऊन थांबते. तिथं रंगीत चेंडूंचा हौद आहे, घसरगुंडी आहे, वातानुकूलन आहे आणि दाराशी तासाचं घड्याळ आहे. मुलं खेळतात, नाही असं नाही. पण बाहेर आल्यावर नातीला "काय पाहिलंस?" असं विचारलं तर तिच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. मला त्याचंच वाईट वाटतं.

गेल्या शनिवारी मी उठून भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी गेले. रविवारी अमावस्या होती.

"उद्या पहाटे जुहूला जाऊ," मी म्हटलं. "सहाच्या सुमाराला ओहोटी आहे."

"आई, अमावस्येला? मुलांना घेऊन समुद्रावर?"

"अमावस्या आहे म्हणूनच."

माझं लहानपण माहीमला गेलं. आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या मावशींनी माझ्या आईला एक हिशेब शिकवला होता आणि आईनं तो मला दिला. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, आणि साधारण सहा तासांनी, बाराच्या सुमाराला, ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती बाराच्या आतबाहेर आणि ओहोटी सहाच्या. शिवाय त्या दिवसांत सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत असतात, दोघांची ओढ एकत्र होते, म्हणून पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. एरवी न दिसणारे खडक तेव्हा उघडे पडतात. हिशेब अंदाजाचा आहे. मुलांना घेऊन जाताना त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहावंच, आम्हीही पाहिलं. पण मशेरीचं बोट दातांवरून फिरवता फिरवता त्या मावशी बोटांच्या पेरांवर जे गणित करायच्या, ते कोष्टकाच्या फार जवळ जातं, हे मी पुष्कळदा ताडून बघितलं आहे.

पहाटे निघण्याचा आणखी एक फायदा मुंबईकराला सांगायला नको. रविवारी साधारण दहा-अकरानंतर मेगाब्लॉक. त्याच्या आत जाऊन परत यायचं. दादरहून लोकल पकडली. नातवाचं अर्धं तिकीट, नात पाच वर्षांच्या आतली म्हणून तिला तिकीट नाही. गाडी इतकी रिकामी की दोघांना समोरासमोर खिडक्या मिळाल्या. माहीमच्या खाडीवरून जाताना नातवानं विचारलं, "हे पाणी पण उतरलंय का?" उतरलं होतं. काठाचा काळा चिखल दिसत होता. म्हणजे बाहेर पडून पंधरा मिनिटं झाली नव्हती तोवर दाखवायचं ते सुरू झालं होतं.

पार्ल्याला उतरून रिक्षा केली. किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. ज्यांनी जुहू फक्त संध्याकाळी पाहिलं आहे, भेळेच्या गाड्या आणि फुगेवाल्यांच्या गर्दीतलं, त्यांना ही जागा ओळखू येणार नाही. पाणी लांब गेलेलं, ओल्या वाळूत आभाळ उतरलेलं, आणि एका बाजूला शेवाळलेले खडक वर आलेले.

माझ्या मनात होते ते खडक. नातीनं मला तिथवर पोहोचूच दिलं नाही. ती दहा पावलांवर बसली. वाळूत मोहरीएवढ्या, काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्या पसरल्या होत्या, एका भोकाभोवती किरणांसारख्या ओळींत मांडलेल्या. अशी शेकडो भोकं, शेकडो रांगोळ्या. "हे कोणी केलं?"

हे करतो तो खेकडा नखाएवढा असतो. पाणी उतरलं की तो बिळातून वर येतो, वाळू उचलून तोंडाशी नेतो, वाळूच्या कणांवरचा बारीक खाऊ चाटूनपुसून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागं टाकतो. भरती आली की परत बिळात. गोळ्या पाणी विरघळवून टाकतं आणि पुढच्या ओहोटीला सगळं पहिल्यापासून. पण आपण चालत गेलो की पावलांची चाहूल त्याला लागते आणि तो आत पळतो. त्याला पाहायचं तर हालचाल न करता बसून राहायचं.

चार वर्षांचं मूल हालचाल न करता किती बसेल? आईबाप म्हणतील, अर्धं मिनिट. ही बसली. तिच्या शेजारी तिचा दादा उकिडवा बसला. मी गुडघ्यांमुळे उभीच होते, तिनं मला बघून ओठांवर बोट ठेवलं. बऱ्याच वेळानं एक खेकडा आला, मग जवळच दुसरा. वाळूच्याच रंगाचे. दोघं कामाला लागले. नात श्वास रोखून बघत होती, आणि तिचं ते बघणं पाहताना मला कळलं की इतके रविवार आपण तिच्याकडून काय हिरावून घेत होतो. तिला सांगण्यासारखं काही नव्हतं, कारण थांबून बघायला तिच्यापुढं काही ठेवलंच नव्हतं.

आपण मोठी माणसं सहलीला निघतो ती यादी करून. हे बघायचं, मग ते, जेवण अमुक ठिकाणी, परतताना आइस्क्रीम. लहान मुलाची नजर जमिनीपासून तीन फुटांवर असते. त्याला मुंगीची रांग दिसते, गटाराच्या झाकणावरची नक्षी दिसते, कुणाच्या तरी चपलेचा तुटलेला अंगठा दिसतो. त्याला ओढत पुढं नेणारा हात आपला असतो. "चल, पुढं अजून खूप आहे." पुढं खूप असतं हे खरं. पण त्याचं आत्ता इथं चाललेलं असतं.

खडकांपाशी शेवटी गेलो. तिथं बूट हवेतच, खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात. मुलांना मी एकच नियम सांगितला होता: उचलायचं काही नाही, आणि दगड उलटा करून पाहिला तर होता तसा परत ठेवायचा, कारण त्याच्या खाली कुणाचं तरी घर आहे. डबक्यात शंख चालताना दिसला. शंखातला खेकडा तो, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा, मोठा झाला की मोठा शंख शोधणारा. नातवाला हे फार पटलं. त्याचे जुने बूट बहिणीला येतात, तसंच काहीसं. एका कपारीत समुद्रफूल होतं, पाण्याखाली पाकळ्या पसरून बसलेलं. ते फूल नाही, प्राणी आहे, असं सांगितल्यावर दोघांनी माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं. तेवढ्यात एक बारीक झिंगा त्याच्या फार जवळ गेला आणि पाकळ्या हलल्या. मग विश्वास बसला.

हे सगळं या शहरात आहे. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा गट लोकांना किनाऱ्यांवर घेऊन जातो आणि ओहोटीत काय दिसतं ते दाखवतो. त्यांच्यामुळे पुष्कळांना पहिल्यांदा कळलं की आपल्या किनाऱ्यावर प्लास्टिकच्या पलीकडेही काही जिवंत आहे. प्रथमच जात असाल तर जाणत्या माणसाबरोबर जावं. पाणी परतायला लागलं की मुलांनी कितीही हट्ट केला तरी मागं फिरावं, उधाणाच्या दिवसांत ते भराभर चढतं. आणि पावसाळ्यात नको. तेव्हा निळ्या फुग्यांसारखे विषारी जीव लाटांबरोबर जुहूला येतात, त्यांचा दंश फार जळजळतो, आणि मुलांचा हात नेमका निळ्या रंगाकडे जातो.

समुद्र नको असेल त्यांच्यासाठी भायखळ्याची राणीची बाग आहे. बाग १८६२ सालची. आता तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात, घरात मात्र अजून राणीची बागच. हल्ली तिथं जाणारा प्रत्येकजण पेंग्विनच्या रांगेत उभा राहतो. २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले तेव्हापासूनची ही रांग. मुलांना पेंग्विन आवडतात, दाखवावेत. पण माझ्या नातवाचा जीव जडला आहे तो दगडी हत्तीवर.

हा हत्ती घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान कोसळली, पुढं उरलेला हत्तीही ढासळला. १८६४ मध्ये तुकडे मुंबईत आणले आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला तो आहे. नातवाला मी हे सांगितलं तेव्हा तो हत्तीच्या अंगावरचे सांधे शोधत त्याच्याभोवती फिरला. "म्हणजे तुटलेलं जोडता येतं?" असं त्यानं विचारलं. त्या आठवड्यात त्याच्या हातून आजोबांच्या चष्म्याची काडी मोडली होती आणि ते त्याच्या मनातून गेलेलं नव्हतं, हे मला तिथं उभं असताना समजलं. तिथंच काळ्या घोड्याचा पुतळाही आहे, मूळचा, स्वारासकट. १९६५ मध्ये तो फोर्टातून हलवून इथं आणला. फोर्टात आता उभा आहे तो २०१७ सालचा, बिनस्वाराचा. दोन्ही घोडे एकाच दिवशी दाखवले तर सात-आठ वर्षांच्या मुलाला कोडं घालता येतं: स्वार कुठं उतरला? बुधवारी मात्र बाग बंद असते.

माझा मुलगा लहान होता तेव्हा आमची धाव मलबार हिलवर. कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट, आणि समोर फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजे आपलं हँगिंग गार्डन. त्या बागेखाली पाण्याची मोठी टाकी आहे, हे त्याला सांगितल्यावर तो हिरवळीवर कान लावून झोपला होता. आता तिकडं झाडांमधून जाणारा ४८५ मीटरचा उन्नत मार्ग झाला आहे, २०२५ मध्ये सुरू झालेला. नातवंडांना पुढच्या खेपेला तिथं न्यायचं आहे. मुलगा म्हणतो, कान लावायला मीही येतो.

आता एक गोष्ट रागानं लिहिते, कारण ती रागाचीच आहे. लहान मूल घेऊन या शहरात दोन तास बाहेर राहणाऱ्या बाईला सगळ्यात आधी काय बघावं लागतं? मोरी कुठं आहे ते. चार वर्षांच्या मुलीला "जरा थांब" सांगून चालत नाही आणि सत्तरीतल्या आजीलाही नाही. स्वच्छ, कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह जवळ नसेल तर आई सहल लवकर आवरते किंवा मुलांना पाणीच कमी पाजते. मी दोन्ही केलेलं आहे. मॉलकडे पावलं वळतात त्यामागं चेंडूंचा हौद फार थोडा असतो, हे एक कारण पुष्कळ मोठं असतं. त्या आयांना मी नावं ठेवणार नाही. दुसरं, पदपथ. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मुलाचा हात, आणि पदपथावर उभ्या असलेल्या दुचाकी. मग मुलाला वाहनांच्या बाजूनं रस्त्यावर उतरवायचं. तिसरं, बसायला बाकडं आणि वर सावली. या तीन गोष्टी असतील तर आजीआजोबा स्वतःहून नातवंडांना घेऊन बाहेर पडतील. त्यांच्याकडे वेळ आहे, गोष्टी आहेत. गुडघे तेवढे नाहीत.

जुहूहून आम्ही साडेआठला निघालो. खडक तेव्हा एकेक करून बुडत होते. नातीनं वळून वळून पाहिलं. घरी येऊन सगळ्यांनी पोहे खाल्ले, अंघोळी झाल्या, बूट गॅलरीत वाळत पडले. बारा वाजता मी कणीक मळायला घेतली तशी नात ओट्यापाशी आली. तिनं चिमूटभर कणीक मागून घेतली, तोंडाशी नेली, तिची बारीक गोळी केली आणि मागं न बघता पाठीमागं टाकली. मग दुसरी. सुनेनं जमिनीवरच्या गोळ्या पाहिल्या आणि काही न बोलता तिला आणखी चिमूटभर कणीक दिली.

नातवाला पाऊणपट जमत नाही, अजून तेवढं गणित शाळेत आलेलं नाही. पण भरती रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते एवढं त्याला कळलं आणि त्यानं अमावस्येच्या बारापासून बेरीज सुरू केली. सोमवारी पाऊण, मंगळवारी दीड, बुधवारी सव्वादोन. गुरुवारी चतुर्थी होती. शाळेतून आला, जेवला, आणि तीन वाजता दप्तर उघडं टाकून माझ्या खोलीत आला. मी जरा पडले होते.

"आजी, आत्ता आपली जागा पाण्याखाली असेल ना?"

मी पडल्या पडल्याच बोटांच्या पेरांवर मोजलं. चाराची पाऊणपट तीन.

"असेल," मी म्हटलं. "ते सगळे आता आपापल्या बिळात असतील."

"नऊला बाहेर येतील," तो म्हणाला, आणि दप्तराकडे गेला.