कांदा नक्की कुठल्या खात्याचा?

लासलगावला लिलावात भाव पडला की आपण शिव्या घालतो कृषिमंत्र्याला. पत्ता चुकतोय राव! कांदा शेतात आहे तोवर कृषी खात्याचा, ट्रॅक्टरमध्ये भरला की मालक बदलतात. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावलं अर्थ खात्यानं. ८ डिसेंबरला निर्यातबंदी केली वाणिज्य खात्याच्या डीजीएफटीनं. बफर स्टॉक ग्राहक व्यवहार खात्याचा. म्हणजे शहरात कांदा महागू नये हे बघायला एक अख्खं खातं आहे, आणि इथं काढणीचा खर्च निघत नाही तेव्हा कोण?

दिंडोरीच्या खासदार तेव्हा केंद्रात राज्यमंत्री होत्या. खातं कुठलं, तर आरोग्य!

बंदी उठली ४ मे २०२४ ला, आपलं मतदान २० मेला (योगायोग म्हणायचा). उठली तीही ४० टक्के शुल्क आणि टनाला किमान ५५० डॉलरची अट घालून. दिंडोरीनं मंत्रीणबाईंना घरी बसवलं, पण सह्या करणारी खाती दिल्लीत जिथल्या तिथं. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

आता खासदार गावात आले की नुसतं 'कांद्याचं बघा' म्हणू नका. बंदीच्या फाइलवर कृषी खात्यानं काय मत दिलं होतं, ते संसदेत लेखी विचारा म्हणावं.